ऑक्टेनचा आकडा : इंजिन आणि इंधन यांच्या जुळणीचा शंभर वर्षांचा इतिहास

१/
पेट्रोलपंपावर ९१, ९५, क्वचित ९७ किंवा १०० असे आकडे दिसतात. वाहनाच्या माहितीपुस्तिकेत आणखी एक आकडा असतो : संपीडन गुणोत्तर, गॅरेजच्या भाषेत कॉम्प्रेशन रेशो. हे दोन आकडे एकमेकांना धरून असावे लागतात. ते जुळवायचे कसे, या प्रश्नाने विसाव्या शतकातील मोटारी घडवल्या, एका महायुद्धातील विमानांची ताकद ठरवली आणि कोट्यवधी मुलांच्या रक्तात शिसे पोहोचवले. त्या जुळणीचा हा इतिहास.
#थ्रेड #इतिहास #मराठी

२/
आधी तत्त्व. पेट्रोल इंजिनातील पिस्टन खाली जाताना हवा आणि इंधनाचे मिश्रण आत ओढतो व वर येताना ते दाबतो. पिस्टन तळाशी असतानाची जागा आणि तो माथ्यावर पोहोचल्यावर उरणारी जागा यांचे प्रमाण म्हणजे संपीडन गुणोत्तर. ५०० घन सेंटिमीटरचे ५० घन सेंटिमीटर झाले, तर गुणोत्तर १०:१. मग स्पार्क प्लगची ठिणगी पडते, ज्वाला पसरते आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो.

३/
मिश्रण जितके अधिक दाबावे, तितके त्याच इंधनातून अधिक काम मिळते. आदर्श गणितानुसार ४:१ गुणोत्तराचे इंजिन उष्णतेचा सुमारे ४३ टक्के भाग कामात उतरवू शकते, ८:१ चे सुमारे ५६ टक्के आणि १२:१ चे ६३ टक्के. घर्षण आणि वाया जाणारी उष्णता यांमुळे प्रत्यक्ष इंजिने यापेक्षा बरीच खाली राहतात; पण दिशा तीच असते. ४ वरून ८ वर जाण्यात फायदा मोठा, ८ वरून १२ वर जाण्यात कमी, हेही लक्षात ठेवण्याजोगे.

४/
तर मग गुणोत्तर सरसकट का वाढवले नाही? कारण वायू दाबला की तापतो. ठिणगीपासून निघालेली ज्वाला सिलिंडरभर पसरत असताना दूरच्या कोपऱ्यातले न जळालेले मिश्रण आणखी दाबले जाते, आणखी तापते. ज्वाला पोहोचण्यापूर्वीच ते आपोआप पेटले, तर सर्वच्या सर्व क्षणात भडकते. दाबाच्या लहरी धातूवर आदळतात आणि बाहेर खणखणीत ठोके ऐकू येतात. यालाच नॉकिंग म्हणतात.

५/
हा केवळ आवाजाचा त्रास नव्हे. सिलिंडरच्या भिंतीलगत थंड वायूचा पातळ थर असतो. तो धातूचे उष्णतेपासून रक्षण करतो. नॉकिंगच्या लहरी हा थर विस्कटून टाकतात. पिस्टनच्या कडा झिजतात, रिंगांच्या खाचा तुटतात, प्रसंगी पिस्टनला भोक पडते. म्हणून प्रत्येक इंधनासाठी दाबाची एक मर्यादा असते. ती ओलांडणारे इंजिन स्वतःलाच मोडते.

६/
निकोलाउस ऑटोने १८७६ मध्ये चार फेऱ्यांचे इंजिन यशस्वी केले, तेव्हा त्याचे गुणोत्तर अडीचच्या आसपास होते. १९०८ मध्ये फोर्डची मॉडेल टी आली ती ४.५:१ गुणोत्तर घेऊन. पुढे आश्चर्य वाटेल असे घडले : काळ पुढे सरकला आणि हे गुणोत्तर मागे आले. नंतरच्या मॉडेल टी गाड्यांत ते जवळपास ४:१ वर उतरले आणि इंजिनाची ताकदही २२ वरून २० अश्वशक्तीवर घसरली.

७/
याचे एक मोठे कारण पेट्रोलमध्ये होते. मोटारींची संख्या झपाट्याने वाढली. खनिज तेलातील हलका भाग अपुरा पडू लागला. तेल कंपन्या पेट्रोलमध्ये जड घटक अधिकाधिक मिसळू लागल्या. असे पेट्रोल कमी दाबावरही नॉक करी. इंधनाचा दर्जा खालावला, म्हणून इंजिनाने माघार घेतली. इंजिन आणि इंधन यांचे भवितव्य एकमेकांत अडकले आहे, याची ही पहिली ठळक खूण.

८/
अमेरिकेत या प्रश्नाला भिडला चार्ल्स केटरिंग. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत त्याचा विजेवर चालणारा सेल्फ-स्टार्टर आणि बॅटरीवरील प्रज्वलनव्यवस्था बसवण्यात आली. गाड्या नॉक करू लागल्यावर टीकाकारांनी दोष या नव्या व्यवस्थेला दिला. दोष इंधनाच्या ज्वलनात आहे, हे सिद्ध करणे केटरिंगला भाग होते. १९१६ मध्ये त्याच्या प्रयोगशाळेत रुजू झालेल्या थॉमस मिजली या तरुण अभियंत्याकडे हे काम आले.

९/
पहिला धागा चुकीच्या तर्कातून हाती लागला. इंधन लाल रंगाचे केले तर ते उष्णता अधिक शोषील, लवकर वाफ होईल आणि नॉकिंग थांबेल, अशी कल्पना निघाली. लाल रंग हाताशी नव्हता, म्हणून मिजलीने आयोडीन विरघळवून पाहिले. नॉकिंग कमी झाले! मग खरे लाल रंग आणून वापरले. काही फरक पडला नाही. उलट आयोडीनचे रंगहीन संयुग वापरले, तर गुण आला. रंगाचा संबंध नव्हता. इंधनाचे रसायनच निर्णायक होते.

१०/
त्याच सुमारास इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो दुसऱ्या वाटेने तिथेच पोहोचत होता. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश रणगाड्यांसाठी १५० अश्वशक्तीचे इंजिन त्याने रचले. चांगले पेट्रोल विमानांसाठी राखून ठेवलेले, रणगाड्यांच्या वाट्याला हलक्या प्रतीचे. म्हणून रिकार्डोला गुणोत्तर मुद्दाम कमी ठेवावे लागले. इंधन आधी ठरलेले आणि इंजिन त्याला जुळवून बेतलेले : या जुळणीचा हा सुरुवातीचा जाणीवपूर्वक नमुना होय.

११/
युद्धानंतर शेल कंपनीच्या साहाय्याने रिकार्डोने इंधनांचा पद्धतशीर अभ्यास हाती घेतला. सोबत हेन्री टिझर्ड आणि डेव्हिड पाय हे शास्त्रज्ञ होते. त्यांनी एक विलक्षण यंत्र वापरले : चालू असतानाच ज्याचे संपीडन गुणोत्तर बदलता येई असे एका सिलिंडरचे इंजिन. इंधन ओतायचे, गुणोत्तर हळूहळू वाढवायचे आणि नॉकिंग कुठे सुरू होते ते टिपायचे. त्या इंधनाला झेपणारे गुणोत्तर हीच त्याची प्रतवारी ठरे.

१२/
या प्रयोगांतून स्पष्ट झाले की इंजिनाच्या ताकदीला खरी आडकाठी नॉकिंगची आहे आणि सर्व पेट्रोल सारखे नसते. शेलचे बोर्निओहून येणारे, बेंझीन-टोल्यूइनसारख्या सुगंधी हायड्रोकार्बनांनी समृद्ध असलेले पेट्रोल जड म्हणून कमी लेखले जाई. प्रत्यक्षात ते दाबाला उत्तम टिकणारे निघाले. पेट्रोलची परीक्षा तोवर मुख्यतः घनतेवरून होत असे. तो मापदंडच चुकीचा होता.

१३/
आता दोन वाटा होत्या. पहिली : इंजिनाचा आकार सुधारणे. रिकार्डोने सिलिंडरच्या माथ्याची रचना अशी केली की मिश्रण घुसळले जावे, ज्वाला जलद पसरावी आणि कोपऱ्यातल्या वायूला स्वतः पेटण्याची उसंत मिळू नये. १९२४ च्या पहिल्या क्रायस्लर गाडीने ४.७:१ गुणोत्तर घेऊन बाजारात नाव कमावले. आज हा आकडा क्षुल्लक भासेल. तेव्हा तीच ‘हाय कॉम्प्रेशन’ होती.

१४/
दुसरी वाट : इंधन सुधारणे. त्यासाठीचे पदार्थ ठाऊक होते. कोळशापासून मिळणारे बेंझॉल आणि धान्य, ऊस, मळी यांपासून मिळणारा मद्यार्क, म्हणजे इथेनॉल, दोन्ही नॉकिंग रोखत. मिजलीला आणि केटरिंगलाही हे पुरते माहीत होते; मद्यार्क-मिश्रणांवर त्यांनी स्वतः प्रयोग केले होते. मात्र परिणाम दिसण्यासाठी ते १०, २०, ३० टक्के मिसळावे लागे. तेल उद्योगाच्या दृष्टीने याचा अर्थ बाजारातील तेवढा वाटा दुसऱ्याच्या हाती देणे.

१५/
मिजलीचा शोध चालू राहिला. ॲनिलिन, सेलेनियम, टेल्युरियम यांचे प्रयोग झाले. टेल्युरियमचा दर्प तर अंगाला असा चिकटे की स्नानानेही जाईना. अखेर ९ डिसेंबर १९२१ रोजी टेट्राएथिल लेड या शिशाच्या संयुगाची चाचणी झाली आणि ठोके जवळपास थांबले. मात्रा किती? पुढे बाजारात आलेल्या पेट्रोलमध्ये ते हजारात एक भागाहूनही कमी असे. स्वस्त, प्रभावी आणि पेटंटच्या कक्षेत येणारे. मद्यार्काचे पेटंट कोण घेणार?

१६/
२ फेब्रुवारी १९२३ रोजी ओहायो राज्यातील डेटन शहरात या पेट्रोलची विक्री सुरू झाली. व्यापारी नाव ठेवले ‘एथिल’. शिशाचा उच्चार नावात कुठेच नव्हता. वस्तुतः शिसे विषारी आहे, हे ज्ञान प्राचीन काळापासूनचे. आणि हे संयुग तर त्वचेतूनही शरीरात शिरते. मिजलीला स्वतःला १९२३ च्या आरंभी शिशाच्या बाधेमुळे काम थांबवून विश्रांतीसाठी फ्लोरिडाला जावे लागले होते.

१७/
ऑगस्ट १९२४ मध्ये जनरल मोटर्स आणि स्टँडर्ड ऑइल ऑफ न्यू जर्सी यांनी मिळून एथिल कंपनी स्थापन केली. दोनच महिन्यांत, ऑक्टोबरमध्ये, न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात अनर्थ झाला. हे संयुग बनवणारे कामगार भ्रमिष्टासारखे वागू लागले. काहींना आवरण्यासाठी बांधून ठेवावे लागले. पाच जण दगावले, तीसहून अधिक जण रुग्णालयात गेले. वर्तमानपत्रांनी या पदार्थाला ‘वेड लावणारा वायू’ असे नाव दिले.

१८/
३० ऑक्टोबर १९२४ रोजी मिजलीने पत्रकारांसमोर हे द्रव्य हातांवर चोळले आणि मिनिटभर त्याचा वास घेऊन दाखवला. धोका नाही, असे ठसवण्याचा तो प्रयत्न होता. स्वतःच्या आजाराचा अनुभव गाठीशी असूनही त्याने हे केले. पुढे वर्षानुवर्षे चालणाऱ्या पद्धतीचा हा पायंडा : दोष कामगारांच्या निष्काळजीपणाचा, पदार्थ मात्र निर्दोष.

१९/
२० मे १९२५ रोजी अमेरिकेच्या सर्जन जनरलने वॉशिंग्टनमध्ये परिषद बोलावली. हार्वर्डच्या ॲलिस हॅमिल्टन आणि येलचे यँडेल हेंडरसन यांनी बजावले की प्रश्न केवळ कारखान्याचा नाही. धुरातून बाहेर पडणारे शिसे शहराशहरांत हळूहळू साचत जाईल. उद्योगाच्या प्रतिनिधीने शिशाला ‘ईश्वरी देणगी’ म्हटले. विक्री तात्पुरती थांबली. समितीने ओहायोतील २५२ पुरुषांची तपासणी केली.

२०/
जानेवारी १९२६ मध्ये समितीने सांगितले : बंदी घालण्यास सध्या पुरेसे कारण नाही, पण वापर वाढला तर स्थिती बदलू शकते, म्हणून सार्वजनिक निधीतून अभ्यास चालू ठेवावा. पहिले वाक्य अमलात आले. दुसरे कागदावर राहिले. पुढील सुमारे ४० वर्षे शिशाच्या परिणामांचे संशोधन प्रामुख्याने उद्योगाच्याच पैशावर, रॉबर्ट केहो यांच्या देखरेखीखाली होत राहिले.

२१/
विक्री वाढली आणि नवी अडचण आली : इंधन ‘चांगले’ म्हणजे नेमके किती चांगले? एथिल कंपनीतील रसायनज्ञ ग्रॅहम एडगर यांनी १९२६-२७ मध्ये मोजपट्टी दिली. आयसो-ऑक्टेन हे द्रव्य नॉकिंगला उत्तम टिकते. त्याला १०० गुण. नॉर्मल हेप्टेन लगेच नॉक करते. त्याला ० गुण. ९० भाग पहिले आणि १० भाग दुसरे यांच्या मिश्रणाइतके टिकणारे पेट्रोल म्हणजे ९० ऑक्टेन. शून्य गुणांचे हेप्टेन तेव्हा कॅलिफोर्नियातील जेफ्री पाइन या झाडाच्या राळेतून मिळवत.

२२/
मोजणीसाठी पुन्हा बदलत्या गुणोत्तराचेच इंजिन आले. ते आजही वापरले जाते. सौम्य चाचणीत मिनिटाला ६०० फेरे : तो रिसर्च ऑक्टेन. कडक चाचणीत ९०० फेरे आणि तापवलेले मिश्रण : तो मोटर ऑक्टेन. भारतात आणि युरोपात पहिला आकडा सांगतात, अमेरिकेतील पंपावर दोन्हींची सरासरी. म्हणून तिकडचे ८७ आणि आपल्याकडचे ९१ हे जवळपास एकच पेट्रोल. आकडे पाहून ‘अमेरिकेत पेट्रोल हलके’ असा निष्कर्ष काढणे चूक ठरते.

२३/
इथेच एका लोकप्रिय गैरसमजाचे निरसन होते. ऑक्टेन म्हणजे इंधनातील ऊर्जा नव्हे. दाबाखाली स्वतःहून न पेटण्याची सहनशक्ती होय. ज्या इंजिनाला ९१ पुरते, त्यात १०० ओतल्याने ताकद वाढत नाही. कारण ती सहनशक्ती वापरायला दाबच नाही. उलट, ९५ साठी बेतलेल्या इंजिनात ९१ भरले तर नॉकिंगचा धोका. जास्त आकडा म्हणजे चांगले पेट्रोल, हे समीकरण फसवे आहे. जुळणारा आकडा महत्त्वाचा.

२४/
या जुळणीची सर्वांत मोठी परीक्षा १९४० मध्ये इंग्लंडच्या आकाशात झाली. स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या मर्लिन इंजिनाचे गुणोत्तर होते ६:१. पण सुपरचार्जर हवा आधीच दाबून आत भरत असे. ८७ ऑक्टेनवर हा जादा दाब दर चौरस इंचाला सुमारे ६ पौंड इतकाच ठेवता येई. १०० ऑक्टेन आल्यावर तो १२ पौंडांवर गेला आणि तेच इंजिन १,०३० ऐवजी १,३१० अश्वशक्ती देऊ लागले. इंजिन जवळपास तेच. बदल मुख्यतः टाकीतला.

२५/
हे इंधन वेळेवर मिळाले, कारण तयारी आधीपासून होती. अमेरिकेत शेल कंपनीतील वैमानिक जिमी डूलिटल याने १९३० च्या दशकात १०० ऑक्टेनचा आग्रह धरला, तेव्हा त्या इंधनाला बाजारपेठच नव्हती. फ्रेंच अभियंता यूजीन हूद्री याची उत्प्रेरकाने जड तेल फोडण्याची पद्धत १९३७ मध्ये पेनसिल्व्हेनियातील मार्कस हुक येथे मोठ्या प्रमाणावर सुरू झाली. तरीही विमानाच्या १०० ऑक्टेनमध्ये शिसे होतेच. युद्ध जिंकून देणारा पदार्थ म्हणून त्याची प्रतिष्ठा वाढली.

२६/
१९४७ मध्ये वृद्ध केटरिंगने १२.५:१ गुणोत्तराचे प्रायोगिक इंजिन अभियंत्यांपुढे मांडले. उद्देश होता इंधनाची बचत. १९४९ च्या ओल्ड्समोबिलमध्ये ७.२५:१ आणि कॅडिलॅकमध्ये ७.५:१ गुणोत्तराची नवी व्ही-८ इंजिने आली. पंपावरचे ऑक्टेन वाढत गेले, गुणोत्तर वाढत गेले. १९७० च्या शेव्हरोलेच्या एका इंजिनाचे गुणोत्तर ११.२५:१ आणि जाहीर ताकद ४५० अश्वशक्ती. बचत बाजूला पडली, वेगाचे आकर्षण उरले आणि प्रत्येक टाकीतून शिसे हवेत जात राहिले.

२७/
ते हवेत जाई, कारण तशी योजनाच होती. शिसे सिलिंडरमध्ये साचले तर व्हॉल्व्ह आणि प्लग खराब होतात. म्हणून पेट्रोलमध्ये ब्रोमीनचे संयुग मिसळत, जेणेकरून शिसे वायुरूपाने धुराड्यातून बाहेर पडावे. इंजिन स्वच्छ राही. रस्त्याकडेची माती, घरातली धूळ आणि रांगणाऱ्या मुलांचे हात मात्र शिशाने माखत.

२८/
हे उघडकीस आणणारा माणूस मोटारींशी संबंधित नव्हता. भूरसायनज्ञ क्लेअर पॅटरसन उल्कापाषाणातील शिशाच्या समस्थानिकांवरून पृथ्वीचे वय मोजत होता. १९५० च्या दशकात त्याने काढलेले सुमारे ४५५ कोटी वर्षांचे उत्तर आजही मान्य आहे. अडचण एकच : प्रयोगशाळेत सर्वत्र बाहेरचे शिसे सापडे. त्याचा माग काढत तो समुद्राच्या पाण्यापर्यंत आणि ध्रुवीय बर्फापर्यंत गेला. वरचे थर शिशाने भरलेले, खालचे जुने थर स्वच्छ. १९६५ च्या निबंधात त्याने लिहिले की माणसाच्या शरीरातील शिशाची ‘सामान्य’ मानलेली पातळी नैसर्गिक नाहीच.

२९/
तरी शिसे हटवण्याला गती दिली ती दुसऱ्याच कारणाने. धुरातील इतर विषारी वायू कमी करण्यासाठी कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसवायचा होता आणि शिशाचा थर बसला की तो निकामी होई. १९७० मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष एड कोल यांनी जाहीर केले की १९७१ च्या गाड्या ९१ ऑक्टेनच्या शिसेविरहित पेट्रोलवर चालतील. त्यासाठी गुणोत्तर ८.५:१ च्या आसपास उतरवले गेले. इंधन बदलले आणि इंजिनाने पुन्हा एकदा माघार घेतली.

३०/
१९७५ पासून अमेरिकी गाड्यांत कन्व्हर्टर आले. चुकून शिशाचे पेट्रोल भरले जाऊ नये म्हणून टाकीचे तोंड अरुंद केले गेले. परिणाम अपेक्षेहून जलद दिसला. १९७६ ते १९८० या काळात अमेरिकनांच्या रक्तातील शिशाची सरासरी सुमारे ३७ टक्क्यांनी उतरली. दरम्यान १९७९ मध्ये हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या दुधाच्या दातांतील शिशाचा त्यांच्या बुद्धिमत्ता-चाचण्यांशी असलेला संबंध दाखवला. हॅमिल्टन यांचा १९२५ चा इशारा खरा ठरला होता, पण अर्धे शतक उलटून गेल्यावर.

३१/
मग शिशाशिवाय गुणोत्तर पुन्हा वाढले कसे? तेलशुद्धीकरणात रेणूंची रचना बदलून ऑक्टेन वाढवले गेले. इंजिनावर नॉकिंग ‘ऐकणारा’ सेन्सर आला. ठोका जाणवताच संगणक ठिणगी किंचित उशिरा टाकतो. सिलिंडरमध्ये थेट फवारलेले पेट्रोल मिश्रण थंड करते. माझदाने २०११ नंतर १४:१ चे इंजिन विकले. अमेरिकेतील साध्या पेट्रोलसाठी मात्र त्याच घराण्यातील इंजिन १३:१ वर ठेवले. संगणकाच्या युगातही पंपावरचा आकडा पाहूनच इंजिन बेतावे लागते.

३२/
भारतात १९९४ मध्ये मुंबईसह चार महानगरांत कमी शिशाचे पेट्रोल आले. १९९५ मध्ये याच शहरांतील नव्या मोटारींना कन्व्हर्टर आणि शिसेविरहित पेट्रोल अनिवार्य झाले. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचे पेट्रोल बंद. जगातील शेवटचा देश अल्जिरिया. तिथे जुलै २०२१ मध्ये शेवटचा साठा संपला. डेटनमधील त्या पंपापासून ९८ वर्षे. पिस्टन इंजिनाच्या छोट्या विमानांत मात्र शिशाचे इंधन आजही जळते.

३३/
आणि शंभर वर्षांपूर्वी बाजूला सारलेला मद्यार्क परतला. २००१ मध्ये भारतात ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे जे पहिले प्रयोग झाले, त्यांतील दोन महाराष्ट्रातले : मिरज आणि मनमाड. उसाच्या मळीला नवे गिऱ्हाईक मिळाले. २०२३ पासून २० टक्के मिश्रण पंपांवर येऊ लागले. शुद्ध इथेनॉलचे ऑक्टेन १०८ च्या आसपास असल्याने या मिश्रणाचे किमान ऑक्टेन ९५ ठरवता आले. मात्र लिटरमागे इथेनॉलची ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते.

३४/
म्हणून वाद समजून घ्यायचा तर जुळणीकडे पाहावे लागते. जास्त गुणोत्तराचे नवे इंजिन ९५ ऑक्टेनचा लाभ घेऊन घटलेल्या ऊर्जेची काही भरपाई करू शकते. ९१ साठी बेतलेल्या जुन्या इंजिनाचे गुणोत्तर मात्र धातूत कोरलेले असते. वाढलेले ऑक्टेन त्याच्या उपयोगाचे नाही, घटलेली ऊर्जा मात्र त्याला जाणवते. त्याच्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉलला टिकतील का, हा प्रश्न निराळा. इंधन एका दिवसात बदलता येते. रस्त्यावरची इंजिने बदलायला पंधरा-वीस वर्षे लागतात.

३५/
ऑटोच्या अडीचपासून आजच्या तेरा-चौदापर्यंतचा प्रवास अभियांत्रिकीचा आहेच. पण प्रत्येक टप्प्यावर एक हिशेबही झाला : जुळणीची किंमत कोण मोजणार? १९२० च्या दशकात ती बेवेच्या कामगारांवर आणि पुढे रस्त्याकडेच्या मुलांवर टाकण्यात आली. पर्याय ठाऊक असताना, इशारे लेखी असताना. पंपावरच्या आकड्यामागे हा हिशेब आहे. नवे मिश्रण येते तेव्हा इतिहासाच्या विद्यार्थ्याने तोच प्रश्न पुन्हा विचारावा.
(समाप्त)
#विज्ञानाचाइतिहास #थ्रेड